दगडावर आकडा, दप्तरात नाव

पश्चिम महाराष्ट्रातल्या अनेक गावांत चावडीच्या भिंतीत, वेशीजवळ किंवा देवळाच्या ओट्यालगत एक लहानसा इंग्रजी फलक बसवलेला सापडतो. त्यावर कधी चुन्याचा, कधी ऑइल पेंटचा हात फिरलेला असतो, कधी समोर कडब्याची गंज रचलेली असते. मजकूर जेमतेम चार ओळींचा. या गावातून अमुक माणसे १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेली आणि त्यांतल्या अमुक जणांनी प्राण दिले, एवढाच त्याचा आशय. पंजाबपासून मुंबई इलाख्यापर्यंत ब्रिटिश सरकारने एकाच साच्यात हे फलक करवून घेतले आणि गावागणिक फक्त गावाचे नाव व दोन आकडे बदलले.

गावात चौकशी केली तर हमखास ऐकू येते, की दगडावर पूर्वी नावे होती, पावसापाण्याने ती पुसली. या साच्याच्या फलकाबाबत हे खरे नाही. पुसायला तिथे नावे नव्हतीच. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले असे सांगितले जाते, आणि ‘अपशिंगे मिलिटरी’ ही त्या गावाची ओळख आजही टिकून आहे. तिथेही बाहेरच्या माणसाच्या लक्षात राहतो तो आकडाच. म्हणून सोलापूर जिल्ह्यातल्या एखाद्या गावात असा झिजलेला दगड हाती लागला, तर पुढ्यात दोन कामे येतात. पहिले काम दगड नीट वाचण्याचे. दुसरे त्याहून लांबलचक, ते म्हणजे आकड्यामागची माणसे शोधण्याचे. पहिल्याला उजेड लागतो, दुसऱ्याला दप्तर.

नाव न कोरण्याची रीत आपल्याकडे इंग्रजांनी आणली असेही नाही. सोलापूर जिल्ह्यात जुन्या देवळांच्या आवारात वीरगळ दिसतात. खालच्या कप्प्यात पडलेला वीर किंवा पळवलेली गुरे, मध्ये लढाई, त्यावर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर सूर्य-चंद्र. कर्नाटकातल्या वीरगळांवर लेख सर्रास आढळतो. महाराष्ट्रातले बहुतेक वीरगळ मुके आहेत. वीर कोण होता हे गावाला तोंडपाठ असल्यामुळे ते लिहून ठेवायची गरज कुणाला वाटली नसावी. चार-सहा पिढ्यांनी ती आठवण सरली आणि मागे शेंदूर लावलेला देव उरला.

नावे कोरली की काय फरक पडतो, हे पुणे जिल्ह्यातल्या कोरेगाव भीमाच्या स्तंभावर दिसते. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कंपनी सरकारने उभारलेल्या या स्तंभावर कंपनीच्या बाजूने पडलेल्या ४९ जणांची नावे आहेत, आणि त्यांतल्या २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ येते. ‘नाक’ ही त्या काळच्या महार पुरुषांच्या नावांची खूण होती. इंग्रज कारकुनाने नावांची स्पेलिंगे वेडीवाकडी केली, तरी नावाचा हा शेवट तगला आणि त्यावरून एका समाजाला आपला इतिहास दगडावरून वाचता आला. नुसता ‘४९’ हा आकडा कोरलेला असता तर त्यातून हे काहीच कळले नसते.

असे असताना पहिल्या महायुद्धानंतर नावे का गाळली गेली? इंग्लंडमधल्या लहानसहान खेड्यांच्या स्मारकांवर गावचे एकेक नाव कोरलेले असते. हिंदुस्थानी शिपायाच्या वाट्याला मात्र साम्राज्याच्या मोठ्या स्मारकांवरही पुष्कळदा आकडाच आला. याचा सर्वांत ढळढळीत नमुना इराकमध्ये आहे. त्या वेळी त्या मुलखाला मेसोपोटेमिया म्हणत आणि मराठी पलटणींचा या युद्धातला मोठा हिस्सा तिथेच खर्ची पडला. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी जनरल टाउनशेंडच्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला लढाई झाली. तिथून माघार घेऊन ही फौज कुत-अल-अमारा येथे कोंडली गेली. वेढा ७ डिसेंबर १९१५ ला सुरू झाला आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीने संपला. सुमारे १३ हजार माणसे कैद झाली, आणि उपासमार, रोगराई व वाळवंटातली पायपीट यांत त्यांच्यातली असंख्य पुढे दगावली.

ज्यांच्या समाधीचा ठावठिकाणा नाही, अशा मेसोपोटेमियातल्या ४० हजारांहून अधिक मृतांसाठी बसऱ्याला स्मारक बांधले गेले आणि १९२९ मध्ये त्याचे अनावरण झाले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावे आहेत, हिंदुस्थानी अधिकाऱ्यांचीही आहेत. साध्या हिंदुस्थानी शिपायांचा मात्र पलटणीच्या नावाखाली निव्वळ आकडा दिला गेला. १९९७ मध्ये हे स्मारक मूळ जागेवरून हलवून बसऱ्यापासून ३२ किलोमीटरवर, नासिरियाच्या वाटेवर नेले गेले. तिथे जाऊन आपल्या पणजोबाचे नाव शोधणे सोलापूरच्या माणसाला तसेही दुरापास्तच. दिल्लीच्या इंडिया गेटवर सगळ्यांची नावे आहेत, हाही एक लोकप्रिय गैरसमज. तिथे कोरलेली १३ हजारांहून अधिक नावे मुख्यतः वायव्य सरहद्दीवर आणि १९१९ च्या अफगाण युद्धात पडलेल्यांची आहेत. सबंध महायुद्धात मेलेल्या हिंदुस्थानी सैनिकांची संख्या ७० हजारांच्या वर जाते.

या स्मारकांची देखभाल करणारा राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग १९१७ मध्ये स्थापन झाला. मृत्यूनंतर सर्वांना सारखा मान, हे त्याचे तत्त्व. २०२१ मध्ये आयोगानेच नेमलेल्या समितीने कबूल केले, की हे तत्त्व आशिया-आफ्रिकेत पाळले गेले नाही. ४५ ते ५४ हजार मृतांचे स्मरण असमान पद्धतीने झाले, आणि किमान १ लाख १६ हजार जणांचे स्मरण नावानिशी झाले नाही किंवा मुळीच झाले नाही, असे त्या अहवालात म्हटले आहे. गावच्या चावडीतला फलक याच धोरणाचा शेवटचा टप्पा होता. तरीही त्यात एक गोष्ट आहे जी बसऱ्याच्या भिंतीवर नाही. बसऱ्याने पलटण सांगितली, फलकाने गाव सांगितले. शोध गावापासून सुरू करता येतो, म्हणून तो दगड मोलाचा.

आधी दगड वाचू या. झिजलेले अक्षर वाचायला समोरून उजेड टाकून उपयोग नसतो. समोरच्या उजेडात खळगा आणि सपाटी सारखीच दिसते. उजेड पृष्ठभागाला घासत, अगदी तिरपा आला की उथळ रेघेतही सावली पडते आणि अक्षर उठते. सूर्याचा असा उजेड कधी मिळेल हे फलकाचे तोंड कुठे आहे यावर ठरते. पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड असेल तर भर दुपारी, सूर्य भिंतीच्या रेषेत येतो तेव्हा. दक्षिणेकडे तोंड असेल तर मार्च आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, सूर्योदयाला व सूर्यास्ताला. उत्तरेकडे तोंड असलेल्या फलकाला वर्षातला बराच काळ ऊनच लागत नाही. पण सोलापूरच्या अक्षांशावर मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस येतो. त्या दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उजेड कोणत्याही उभ्या भिंतीवरून सरळ खाली घसरतो.

एवढी वाट पाहायची नसेल तर रात्री टॉर्च घ्यावी आणि भिंतीला जवळजवळ टेकवून धरावी. मात्र एका बाजूने धरून भागत नाही. डावी-उजवीकडून आलेला उजेड उभ्या रेघा दाखवतो, आडव्या लपवतो. वरून आलेला उजेड नेमके उलट करतो. फलकावरचा मृतांचा आकडा इंग्रजी तीन आहे की आठ, हा प्रश्न घ्या. दोन्हींची उजवी बाजू सारखीच, फरक फक्त डावीकडच्या दोन वळणांचा. टॉर्च वरून धरली तर दोन्ही सारखेच दिसतील. ती डावीकडे धरून पाहावे. तिथे सावलीची बारीक कड धरली तर आठ, दगड सपाट राहिला तर तीन. एवढ्याशा सावलीवर गावातल्या पाच घरांचा हिशेब अवलंबून असतो. इंग्रजी एक आणि सात, सहा आणि आठ, मोठ्या लिपीतले ई आणि एफ, पी आणि आर या जोड्याही अशाच फसवतात. मजकूर देवनागरीत असेल तर अनुस्वार, मात्रा आणि काने आधी जातात. म आणि भ, घ आणि ध यांच्यातला फरक शिरोरेषेतल्या फटीवर असतो, आणि शिरोरेषा झिजली की अक्षर संदर्भावरूनच ठरवावे लागते.

दगड कोणता हेही पाहावे. आपला काळा पाषाण चिवट असतो. त्यावरचे अक्षर झिजण्यापेक्षा शेवाळ, चुना, शेंदूर आणि रंग यांखाली गाडले जाते. संगमरवराची गोष्ट वेगळी. तो मुळात चुनखडीचाच भाईबंद असल्याने किंचित आम्लयुक्त पावसातही विरघळतो, त्याचा पृष्ठभाग साखरेसारखा खरखरीत होतो आणि अक्षरांच्या कडा गोल होतात. म्हणूनच फरशी साफ करायचे अॅसिड संगमरवरी फलकावर ओतले, की उरलीसुरली अक्षरेही गेलीच म्हणून समजा. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, अक्षरांत खडू किंवा पीठ भरणे, अंदाजाने अक्षरे काळ्या रंगाने गिरवणे हे सगळे टाळावे. गिरवणे सर्वांत घातक, कारण एकदा चुकीचा आठ रंगवला की पुढचा प्रत्येक माणूस आठच वाचतो. साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरे.

हाताशी कॅमेरा असेल तर आणखी एक युक्ती आहे. २००१ मध्ये टॉम माल्झबेंडर या संशोधकाने मांडलेल्या पद्धतीतून ती पुढे आली. कॅमेरा स्टँडवर पक्का बसवायचा, दगडाशेजारी एक चकचकीत काळा गोळा ठेवायचा आणि प्रत्येक वेळी दिवा नव्या कोनातून धरून चाळीस-पन्नास फोटो काढायचे. गोळ्यावरच्या चमकेवरून दिवा कुठे होता हे संगणकाला कळते, आणि मग पडद्यावर हव्या त्या दिशेचा उजेड पाडता येतो. यासाठीची सॉफ्टवेअर मोफत मिळतात. ताम्रपट-शिलालेखांचे जुने अभ्यासक ओला कागद दगडावर ठोकून शाईचा ठसा घेत. मजबूत पाषाणावर ती पद्धत आजही चालते. भुसभुशीत संगमरवरावर मात्र ठोकाठोक करू नये.

सोलापूर जिल्ह्याला हे शास्त्र नवे नाही. दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे. तिथल्या संगमेश्वर मंदिरातला शके ९४० म्हणजे इसवी सन १०१८ चा लेख मराठीच्या आद्य लेखांत मोजला जातो. तो उजेडात आणण्याचे श्रेय सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांच्याकडे जाते. हा लेख वाचणारा विजयी होईल, असा त्याच्या शेवटच्या ओळीचा आशय. हजार वर्षांमागच्या कोरक्याने वाचकाला गृहीत धरले होते. शंभर वर्षांमागच्या फलकाला वाचक मिळवून देणे त्या मानाने सोपे आहे.

आता दुसरे काम. दोन आकडे नक्की झाले की पहिली पायरी युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर. तिथे मृतांच्या नोंदी विनामूल्य शोधता येतात, आणि हिंदुस्थानी शिपायाच्या पुष्कळ नोंदींत बापाचे नाव, गाव आणि जिल्हा दिलेला असतो. शोध नावावरून न करता ‘अधिक माहिती’च्या रकान्यात गाव-जिल्हा टाकून करावा. जिल्हा आजच्या स्पेलिंगने नव्हे, तर त्या काळच्या ‘शोलापूर’ या स्पेलिंगने टाकावा. सांगोला, माळशिरस, करमाळा, बार्शी यांचीही इंग्रजी रूपे दोन-तीन तऱ्हांनी करून पाहावी लागतात. आडनावांची तर त्रेधाच असते. पवारांचे ‘पोवार’, जाधवांचे ‘जाधाव’, शिंद्यांचे ‘सिंदे’, गायकवाडांचे ‘गायकवार’. शिवाय गावचा माणूस ‘रामा बिन बाळा’ असे नाव सांगे, आणि पलटणीतला कारकून बाळालाच आडनाव समजून मोकळा होई.

सोलापूरकरांसाठी यात आणखी एक खोच आहे. आजचा जिल्हा तेव्हा सबंध इंग्रजी अमलात नव्हता. अक्कलकोट स्वतंत्र संस्थान होते, तर मंगळवेढे सांगली संस्थानात मोडत होते. त्यामुळे मंगळवेढे भागातल्या शिपायाची नोंद शोलापूरखाली न सापडता सांगलीखाली सापडू शकते. करमाळा, माढा भागातली काही गावे उजनी धरणाच्या पाण्यामुळे उठून नव्या गावठाणात गेली. तिथे दगड एका जागी, मूळ गाव पाण्यात आणि दप्तर तहसीलला, अशीही तऱ्हा होऊ शकते.

गेलेला प्रत्येक माणूस मराठा पलटणीतच असेल असे धरून चालू नये. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, रसद आणि खेचरांच्या तुकड्यांत, मजूर पलटणीत, डोलीवाले, आचारी, भिस्ती म्हणूनही माणसे लामावर, म्हणजे लढाईवर, गेली. १९१७ मध्ये उभी राहिलेली १११ वी महार पलटण १९२१ मध्ये मोडली. जी पलटण पुढे राहिली नाही, तिच्या आठवणी सांगणारे केंद्रही उरत नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीला निदान बेळगावचे केंद्र आहे. जिल्ह्यातला अलीकडचा धागा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मिळू शकतो.

खरा खजिना मात्र महसुली दप्तरात आहे. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ मध्ये आला. त्यामुळे १९१६ साली एखादा खातेदार कुतला वारला, तर त्याची जमीन कुणाच्या नावे झाली याची नोंद फेरफारात, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, यायला हवी, आणि वारसांची नोंद ६-क मध्ये. अमुक मयत, वारस बायको आणि मुलगा, मुलगा अज्ञान म्हणून आई ‘अ. पा. क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ती, अशा धर्तीच्या एका ओळीत सबंध घर उभे राहते. जमीन नसलेल्यांसाठी कोतवाल बुक म्हणून ओळखली जाणारी जन्म-मृत्यूची नोंदवही आणि शाळेचे जनरल रजिस्टर पाहावे. यांतले बरेच मोडीत आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा तहसीलच्या अभिलेख कक्षांतली हीच बाडे बाहेर निघाली, मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली आणि पुष्कळ कागद स्कॅनही झाले. जातीच्या नोंदीसाठी उघडलेल्या त्याच पानांवर लामावर गेलेला शिपाईही भेटू शकतो.

घरात पदक असेल तर काम आणखी सोपे. त्या युद्धाच्या ब्रिटिश पदकांच्या कडेवर, नाण्याची किनार असते त्या जागी, बारीक अक्षरांत शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. चांदीचे पदक लढाऊ शिपायाला मिळे, तर मजूर-सेवकांना पुष्कळदा तेच पदक काशाचे दिले जाई. म्हणजे धातूवरूनही माणूस कोणत्या कामावर गेला होता याचा अंदाज येतो. मृताच्या घरी सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची काशाची चकती येई. तिच्यावर फक्त नाव उठावात असे, हुद्दा नसे. घरात ती वजन म्हणून किंवा झाकण म्हणून वापरात असेल, तर आधी ती चिंच लावून घासण्यापासून वाचवावी.

दप्तरातून काय निघू शकते, हे पंजाबने दाखवले आहे. महायुद्धावर गेलेल्यांच्या गाववार नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात जवळजवळ शतकभर पडून होत्या. २०२१ मध्ये त्यांचे संगणकीकरण पुढे आले, तेव्हा सुमारे २६ हजार पानांत ३ लाख २० हजार माणसांच्या नोंदी मिळाल्या. गावे तीच होती, आकडेही तेच. पण प्रत्येक आकड्यामागे आता बापाचे नाव, हुद्दा आणि पलटण आली.

या सगळ्या पुराव्यांचा मेळ एकदम बसत नाही, आणि बसवण्याची घाईही करू नये. फलकावर सहा आणि यादीत चार नावे निघाली, तर उरलेल्या दोन जागा तशाच ठेवाव्यात. दोन गावांची नावे सारखी असतील तर तालुका जुळल्याशिवाय नाव घेऊ नये. पुराव्याची प्रतही लिहून ठेवावी. पदकाच्या कडेवरचे नाव पक्के, फेरफारातले नाव आणि मृत्यूची साल जुळली तर बहुधा पक्के, नुसती घरची आठवण असेल तर तसे म्हणावे. १९१८ च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत, घरी वारलेला शिपाईही मृतांत मोजला गेला असेल, कारण आयोगाच्या नोंदींची मुदत ४ ऑगस्ट १९१४ पासून ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंत धरतात.

यादी तयार झाली की ती जुन्या दगडावर कोरू नये. तो दगड ज्या धोरणाचा पुरावा आहे, ते धोरण त्याच्यावर तसेच वाचता आले पाहिजे. शेजारी नवा फलक लावावा, त्याचा ठराव ग्रामसभेत घ्यावा, आणि नावांपुढे बापाचे नाव व पलटण लिहावी, म्हणजे कोण कुणाच्या घरचा हे कळेल. यादी अपुरी असली म्हणून थांबायचे कारण नाही. अपुरी यादी लागली की लोक भांडायला येतात, आमच्या आजोबांचे नाव का नाही म्हणून विचारतात, आणि ते सिद्ध करायला माळ्यावरची ट्रंक उघडतात. बसरा, बगदादची पदके अशाच भांडणांतून बाहेर पडतात. तेव्हा नव्या फलकावर शेवटच्या नावाखाली चार ओळींची जागा मोकळी सोडावी आणि भांडायला येणाऱ्याला आधी पदकाची कड वाचून दाखवायला सांगावे.